कीपरच्या दोन टाळ्या

मी फास्ट बॉलर होतो, आणि डोक्यानं त्याहून फास्ट. बॅट्समन एकदा बीट झाला की त्याच्या तोंडावर जाऊन चार शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. विकेट मिळाली की पॅव्हेलियनकडे बोट दाखवायचो. पॅव्हेलियन कसलं, लिंबाखालची दोन बाकडी. नाशकात तेव्हा आमची टेनिस बॉलची टीम होती आणि माझी ही सगळी भांडणं निस्तरायचं काम एकाच माणसाकडे होतं, आमच्या कीपरकडे.

तो भद्रकालीतला, मशिदीमागच्या गल्लीतला. घरचा धंदा रिक्षा-टेम्पोच्या सीटा शिवायचा. त्याची एक सवय माझ्या डोक्यात जायची. माझ्याच बॉलवर कुणी देखणा कव्हर ड्राइव्ह मारला की हा स्टंपांमागे ग्लोव्हज एकमेकांवर दोनदा आपटायचा. थप, थप. मी भडकायचो. "अरे, मार मी खातोय आणि टाळ्या त्याला?" तो शांतपणे म्हणायचा, "शॉट चांगला होता की नाही तेवढं सांग." मॅच संपली की मी ज्याला शिव्या घातल्या असतील त्याच्या खांद्यावर हात टाकून सांगायचा, "मनावर घेऊ नको. आमचा तोफखाना असाच आहे." तोफखाना म्हणजे मी.

गुडघे गेले, खेळणं सुटलं. भारत-पाकिस्तान मॅच मात्र आम्ही माझ्या घरी एकत्रच बघायचो, जवळजवळ तीस वर्षं. तो दाराजवळच्या स्टुलावर बसायचा. सोफ्यावर बस म्हटलं तर म्हणायचा, "याची शिलाई बघवत नाही मला, बसू कुठं?" ग्लोव्हज नव्हते, पण सवय तीच. चांगला बॉल, चांगला शॉट, कुणाचाही असो, मांडीवर दोन थापा. आमच्या घरात त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या एका मॅचला मी ऑफिसातल्या तिघांनाही बोलावलं होतं. हवाच तापलेली होती. फोनवर आठवडाभर 'ठेचा त्यांना'चे मेसेज फिरत होते. मीही चार-पाच पुढे पाठवले होते, खोटं कशाला बोलू. आपला बॅट्समन चांगला जमलेला आणि त्यांच्या डावखुऱ्या बॉलरचा एक बॉल असा काही आत आला की मधला स्टंप उखडून मागे जाऊन पडला. खोलीत सगळे गप्प. त्या शांततेत दाराजवळून आवाज आला. थप, थप.

"काय बॉल होता," तो म्हणाला.

"तुला आवडणारच," मी म्हणालो.

तिघे हसले. एक जण म्हणाला, "बरोबर पकडलंत." कीपरचा हात मांडीवर तसाच राहिला. तो उठून गेला नाही. पुढची सगळी मॅच बसला आणि आपल्या प्रत्येक रनला टाळ्या वाजवत राहिला. लेग बायलासुद्धा. लेग बायला टाळी वाजवणाऱ्यातला तो नव्हता हो. निघताना चपला घालत म्हणाला, "येतो, सर."

मी माफी मागितली नाही. मैदानावर याहून वाईट बोललोय, तो ओळखतो मला, असं स्वतःला समजावत राहिलो. पण मैदानावर मी बोलल्यावर खांद्यावर हात टाकायला तो होता. त्या दिवशी लागलं त्यालाच, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकायला आम्हा चौघांतलं कुणी उठलं नाही. याची मला अजून लाज वाटते. पुढच्या मॅचला फोन केला तर म्हणाला, दुकानात काम आहे. त्याच्या पुढच्यालाही तेच.

म्हणून परवाच्या मॅचला मीच त्याच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ होती. शिलाई मशीनला टेकवलेल्या फोनवर मॅच लागलेली होती. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. माझ्यासारख्याला अवघड जातं, पण मी म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो रे."

"मनावर घेऊ नका," तो म्हणाला. नको नाही, नका.

थोड्या वेळानं त्यांच्या एका पोरानं आपल्या ओपनरला यॉर्करवर उडवलं. असा यॉर्कर मला आयुष्यात एकदाही जमला नाही. मी मुद्दाम मांडीवर दोन थापा मारल्या. "काय बॉल होता," म्हणालो आणि त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं आधी रस्त्याकडे पाहिलं. मग फोनचा आवाज कमी केला.

"तुम्ही टाळी वाजवली तर लोक म्हणतील, दर्दी माणूस आहे."

"आणि तू?"

त्यानं रेक्झिनचा तुकडा सुईखाली सरकवला. "मला उद्या हेच दुकान उघडायचंय, सर."

तेवढ्यात फोनवर नव्या बॅट्समनच्या पॅडला लागून बॉल मागे गेला आणि एक रन निघाली. लेग बाय. त्यानं मशीन थांबवलं, हात मोकळे केले आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशी टाळी वाजवली.