घोंगडीखाली दोघी

ती माझ्या हाताला कडकडून चावली. वर मधमाश्यांचा काळा ढग घोंगावत होता, खाली मी तिला घोंगडीत गुंडाळून अंगाखाली दाबून धरलं होतं, आणि ती परक्या भाषेत किंचाळत होती. हालचाल केली, आवाज केला की माश्या आणखी चवताळतात, हे तिला कुणी सांगायचं?

चूक माझीच. सायकलवरून बिदरला निघालेली ही स्पेनची बाई हळ्ळीखेडजवळ आमच्या शेतात सावलीला थांबली. बांधावर आलेल्याला चहाशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही आमची रीत. मी वडाखालीच तीन दगड मांडून तुराट्या पेटवल्या. वर आग्या मोहोळ आहे हे मला ठाऊक होतं. पाहुणीच्या कौतुकात मान वर केली नाही, एवढंच. धूर चढला आणि मोहोळ उठलं.

माझी नात सुवर्णा हुमनाबादला शिक्षिका आहे. त्या दिवशी ती शेतावर आली होती. मोहोळ उठताच ती बांधावरच्या पत्र्याच्या खोलीत शिरली आणि फटीतून पाहुणीला इंग्रजीत समजावू लागली. घटकेपूर्वी तिच्याशी इंग्रजीत हसतखेळत बोलणारी बाई आता एक अक्षर ऐकेना. मरणाच्या भीतीत माणूस आईच्याच भाषेकडे पळतो. सुवर्णाने मोबाईलवर इंग्रजी ‘प्रोटेक्शन’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते शोधलं आणि ओरडून सांगितलं, "प्रोतेक्सिऑन!"

काही उपयोग झाला नाही. कसा होणार? आम्ही सीमेवरची माणसं. पिकाची आम्ही राखण करतो, शाळेच्या पुस्तकात रक्षण वाचलं, शेजारची खाला हिफाजत म्हणते, बाजारात कन्नड रक्षणे कानावर पडते. पण अंगावर बसून श्वास कोंडणाऱ्या बाईकडून आला, तर यातला कोणता शब्द खरा वाटेल? बाहेरून घातलेलं पांघरूण आणि बाहेरून लावलेली कडी, आतल्या जिवाला त्यात फरक कसा कळावा!

मी घोंगडीची कड उचलली.

"आज्जी, कामून उघडायलीस?" सुवर्णा रडू लागली.

मी आत शिरले. माझ्याबरोबर दोन-चार माश्याही शिरल्या. लोकरीचा उग्र वास, दोघींच्या घामाचा दमटपणा आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. तिचा हात धरून मी माझ्या मिटलेल्या ओठांवर ठेवला, मग सुजत चाललेल्या गालावर. गालात रुतलेल्या काट्यांवर तिची बोटं अडली. ती किंचाळायची थांबली. मग तिने अगदी हळू विचारलं, "प्रोतेक्सिऑन?"

"व्हय," मी म्हटलं. "गप पड आता."

ती गप पडली. वरची घोंघों ओसरायला तास लागला असेल. हुमनाबादच्या दवाखान्यात आम्हाला शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं. नर्सने तिच्या मानेतले काटे काढले, माझ्या तोंडावरचे आणि पाठीतले काढले. तिसऱ्या दिवशी दोघींचे सुजलेले डोळे उघडले.

ती वाचली. मीही वाचले.