कडूबाचं दोन वेळचं मौन

साखरखेर्ड्यात कडूबाशी बोलण्यात जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. सोयरिकी जुळवणं हा त्याचा तीस वर्षांचा उद्योग. मिळकत म्हणाल तर शेला-टोपी आणि लग्नात पहिल्या पंगतीचं ताट. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पोरापोरींचे बायोडाटे, आणि तोंडाची टकळी अशी की मुलाकडच्यांना अन् मुलीकडच्यांना आपसात बोलायला फटच सापडू नये. सोयरीक मोडते ती बोलण्यानं, असं कडूबाचं पक्कं मत होतं. म्हणून दोन्हीकडचं बोलणं तो एकटाच करायचा. त्याच्या तोंडून निघेपर्यंत पाच एकर जमिनीची आठ एकर होई, विहिरीला बारमाही पाणी लागे, आणि बारावी नापास पोरगा 'कॉलेजात होता' होई.

अशा माणसाला नेमका दमाच व्हावा!

दमा तसा जुना. सोयाबीनच्या दिवसांत मळणीयंत्राचा भुसा उडू लागला की कडूबाच्या छातीत शिट्टी वाजायची. पण मागच्या उन्हाळ्यात, भुसा नसतानाही, दोनदा जीव कासावीस झाला, तेव्हा बायको अंबूबाईनं त्याला ओढतच मेहकरला नेलं. तिथल्या स्नेहलता डॉक्टरांनी आधी पंप दिला. कडूबाला तो काही जमेना. दाबायचा तेव्हा हा श्वास सोडायचा, अन् ओढायचा तेव्हा बोलायचा. प्लास्टिकचं नळकांडं लावून दिलं, तर त्यातूनही बोलायचा. चौथ्या वेळी डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी ठेवायचं वाफेचं मशीन लिहून दिलं, ते नेब्युलायझर.

"सकाळी एक कुपी, संध्याकाळी एक," डॉक्टर म्हणाल्या. "बरं वाटत असलं तरी घ्यायची. हे औषध दमा उठू नये म्हणून आहे. उठलाच, तर हा निळा पंप नळकांड्यातून, तोही दुसऱ्यानं दाबून द्यायचा. आणि वाफ झाली की चूळ भरायची, तोंड धुवायचं. नाही तर तोंड येईल, आवाज बसेल."

बाकीचं कडूबानं किती ऐकलं देव जाणे, पण आवाज बसेल हे त्याला बरोबर ऐकू आलं. त्या दिवसापासून तो इतक्या जोरात चुळा भरू लागला की शेजारच्या कोंबड्या बिचकायच्या.

वाफ दहा मिनिटं चालायची. दहा मिनिटं नाकातोंडावर मास्क आणि बोलणं बंद. पहिले दोन दिवस अंबूबाईचा विश्वासच बसला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पाट ओढला, समोर बसली आणि पस्तीस वर्षांचं साठलेलं काढलं.

"पोळ्याच्या दिवशी माह्या भावाले काय बोलले होते तुम्ही, मी इसरली नाई."

कडूबानं बोट वर केलं.

"बोलू नका. वाफ वाया जाते."

हळूहळू गल्लीलाही हे कळलं. समोरचे अर्जुनराव मशीनची घरघर ऐकूनच यायचे. त्यांचा सहदेव एकोणतीस वर्षांचा झाला होता, सरळ, कष्टाळू, पण शेतकरी. आणि शेतकरी पोराला पोरगी मिळणं म्हणजे हल्ली महाकठीण. एरवी कडूबाकडे विषय काढला की तो दुसऱ्याच गावच्या लग्नात घेऊन जायचा. आता अर्जुनराव मास्कसमोर उकिडवे बसत आणि शांतपणे विचारत, "मंग, माह्या पोट्ट्याचं काय करतं?" सातव्या दिवशी कडूबानं कबुलीची मान हलवली.

औषधाबद्दल मात्र त्याचं मन साफ नव्हतं. मास्क काढला की तो कुरकुरायचा, "याचं काई समजतच नाई वं. निळा पंप कसा, घेतला की छाती मोकळी. हे रोज घेऊन राह्यलो, पण होते काय?"

"काई होत नाई, हेच तं होऊन राह्यलं," अंबूबाई म्हणाली. "तुरीच्या डाळीले एरंडीचं तेल कवा लावतो आपण? किडे पडल्यावर का?"

दसऱ्यापर्यंत तीन महिने झाले. छातीत ना शिट्टी, ना घरघर. कडूबा जिने चढला, बसच्या मागे धावला, एकदा तर बाजारात मिरचीच्या ढिगाजवळ अर्धा तास उभा राहून भांडला. मग त्यानं स्वतःशीच ठरवलं, की आपला दमा गेला. गेलेल्या पाहुण्यासाठी रोज ताट कशाला वाढायचं? पण हे अंबूबाईला सांगायची छाती, दमा जाऊनही, त्याला झाली नाही. त्यानं युक्ती काढली. कुपी पिशवीत टाकायची, मशीनच्या वाटीत माठातलं दोन चमचे पाणी घालायचं, आणि मास्क लावून शहाण्यासारखं बसायचं. वाफ तर तशीच निघायची. अंबूबाई समोर बसून बोलायची, तो मान हलवायचा. बारा दिवस हा खेळ बिनबोभाट चालला.

तेराव्या दिवशी सुलतानपूरला सहदेवसाठी मुलगी पाहायला जायचं होतं. मुलगी प्रेरणा, जवळच्याच आरोग्य उपकेंद्रात नर्स. सहदेवनं गाडी काढली, मागे अर्जुनराव, पुढे पिशवी मांडीवर घेऊन कडूबा. सकाळपासून त्याला थोडं खोकल्यासारखं होत होतं. हवा बदलली, असं त्यानं दोनदा सांगितलं.

मुलीच्या घरी ओसरीवर बैठक घातलेली. आणि बरोबर समोरच्या आवारात, वाऱ्याच्या तोंडाला, शेजाऱ्याचं मळणीयंत्र सोयाबीन ओकत होतं. पिवळा भुसा अंगणभर तरंगत होता. कडूबानं उपरणं नाकाला लावलं, पण नाकाला लावलं की बोलता येईना, म्हणून पुन्हा गळ्यात टाकलं.

"आमचा सहदेव म्हंजे सोनं हाये, पाहुणे," त्यानं सुरुवात केली. "आठ एकर काळी जमीन. ठिबक हाये. विहिरीले बारमाही..."

आणि तिथंच थांबला.

मुलीच्या वडिलांनी वाट पाहिली. अर्जुनरावांना वाटलं, कडूबा रंग भरतोय. कडूबा 'पाणी' हा शब्द शोधत होता. तोंड उघडं, डोळे मोठे, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि आतून एक बारीक शिट्टी. तीस वर्षांत त्याचं वाक्य अर्धं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे हे आजारपण आहे हे कुणाच्या ध्यानातच येईना.

ते आलं प्रेरणाच्या. ती पोह्यांचा ट्रे घेऊन येत होती. तिनं ट्रे दारातच खाली ठेवला.

"मामा, पुढं वाकून बसा. हात गुडघ्यावर. बोलू नका. पंप हाये?"

कडूबानं पिशवीकडे बोट केलं. तिनं पिशवी चटईवर उलटी केली. बायोडाटे पडले, निळा पंप पडला, नळकांडं पडलं; आणि त्यांच्यामागून फटाफट कुप्या पडल्या, चोवीसच्या चोवीस, एकही न उघडलेली.

पंप दाबता दाबता तिनं विचारलं, "रोजचं औषध बंद केलं काय?"

श्वास नव्हता तरी कडूबानं मान 'नाही' अशी हलवली. प्रेरणानं एक कुपी उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरली. कडूबानं डोळे मिटून घेतले.

पंपानं थोडा उतार पडला, पण ओठांचा रंग तिला आवडला नाही. "गाडी काढा," ती सहदेवला म्हणाली, आणि स्वतःच मागे बसून दर थोड्या वेळानं पंप देत मेहकरला आली. दवाखान्यात प्राणवायू लागला, सुई झाली, आणि कडूबाच्या तोंडावर पुन्हा मास्क चढला. तासाभरानं छातीवरचा धोंडा हलला. मास्क मात्र अजून काढायचा नव्हता.

अर्जुनराव खाली औषधं आणायला गेले होते. खाटेच्या एका बाजूला प्रेरणा, दुसऱ्या बाजूला सहदेव. मधे कडूबा, जिवंत आणि मुका.

"आठ एकर हाये म्हणे तुमच्याकडं," प्रेरणा म्हणाली.

सहदेवनं कडूबाकडे पाहिलं. कडूबानं डोळ्यांनी जमेल तितकं बजावलं.

"पाच," सहदेव म्हणाला.

"अन् विहीर?"

"फेब्रुवारीपर्यंत. मंग आटते."

कडूबानं कपाळाला हात लावला.

"माहंबी सांगते," प्रेरणा म्हणाली. "मी नोकरी सोडणार नाई. बदली झाली तं तिकडं जाऊन राहीन."

"सोडू नका. आईले बीपी हाये, घरात कोणी समजणारं असलं तं..."

"म्हंजे घरीबी ड्युटीच?"

सहदेव कानापर्यंत लाल झाला. "नाई नाई, तसं नाई म्हटलं म्या."

ती हसली. "पोळी गोल येत नाई मले."

"मले येते," तो म्हणाला. "म्हंजे गोल नाई. पण येते."

कडूबा मास्कच्या आत तळमळत होता. सोयरीक बुडाली, असं त्यानं दोनदा मनात म्हटलं. मग ध्यानात आलं, की दोघंही उठून जात नाहीत. उलट बोलत सुटली आहेत, बदलीच्या गावाबद्दल, तिच्या रात्रपाळीबद्दल, त्याच्या दोन म्हशींबद्दल, आणि आपल्याकडे कुणी पाहतसुद्धा नाही. त्याला बरं वाटलं आणि थोडं अपमानासारखंही वाटलं. शब्दही खर्च न करता जुळलेल्या सोयरिकीला टोपी मिळते की नाही, हाही प्रश्न होताच.

संध्याकाळी अंबूबाई आली. प्रेरणानं कुप्या तिच्या हातात दिल्या. कडूबानं मान खाली घातली, आता काय काय ऐकावं लागणार याची तयारी केली. अंबूबाईनं त्या एकेक करून मोजल्या. मग पदरात घेऊन स्टुलावर बसली. म्हणाली, "मले वाटे औषध चालू हाये. म्या रोज समोर बसत होती नं."

एवढं ऐकून कडूबाला जे वाटलं, ते डॉक्टरांच्या पुढच्या पंधरा मिनिटांच्या बोलण्यानंही वाटलं नाही. डॉक्टर चिडल्याच होत्या. साध्या पाण्याची वाफ घेतली तर छाती आणखी आवळते, हे त्यांनी तीनदा सांगितलं, आणि दमा गेला नव्हता, औषधानं दाबून धरला होता, हे चारदा. कडूबानं एकदाही मधे तोंड घातलं नाही. डॉक्टरांनी काळजीनं त्याचा प्राणवायू पुन्हा मोजला.

त्यानंतर कुपी अंबूबाईच फोडायची आणि वाटीत स्वतः ओतायची. परगावी मुक्काम असला की मशीन पिशवीत जायचं. कुठल्याही ओसरीवर, बोलणी ऐन रंगात असताना, कडूबा "थांबा" म्हणून मास्क चढवायचा, आणि दोन्हीकडचे पाहुणे नाइलाजानं एकमेकांशी बोलू लागायचे. काही सोयरिकी त्या दहा मिनिटांत जुळल्या, दोन मोडल्या. त्या मोडायलाच हव्या होत्या, असं आता कडूबा सांगतो, जणू हे त्यानं पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. सहदेव-प्रेरणाचं लग्न फाल्गुनात झालं. टोपी मिळाली.

पावसाळ्यात डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून छातीचा जोर मोजला. कडूबानं आकडा विचारून घेतला आणि तो गावात सगळ्यात जास्त आहे का, हेही. "छान आहे," डॉक्टर म्हणाल्या. "संध्याकाळची कुपी बंद करून पाहू. सकाळची चालूच."

"बाई," अंबूबाई घाईनं म्हणाली, "दोन वेळचीच राहू द्या नं."

डॉक्टर हसल्या, पण चिठ्ठीवर एकच वेळ लिहिली.

आश्विनात कडूबाच्या स्वतःच्या सोयाबीनची मळणी झाली. कडूबा नाकाला रुमाल बांधून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता आणि तिथून हातवारे करत होता. यंत्राच्या आवाजात त्याचं कुणाला काही कळत नव्हतं. मळणी आटोपल्यावर तो आणि अंबूबाई पायीच गावाकडे निघाले. वाटेत ओढ्यावर एक पूल आहे. गेली तीन-चार वर्षं या दिवसांत कडूबा त्या पुलाच्या कठड्यावर टेकायचा, मान खाली घालून, धापा टाकत, बराच वेळ. या वेळी तो चिखलीकडच्या एका स्थळाचं सांगत सांगत पूल ओलांडून पुढे गेला. अंबूबाई मागून येत होती. ती क्षणभर कठड्यापाशी थांबली, पदरानं तोंड पुसलं, आणि भराभर चालून त्याला गाठलं.