बिझनेस क्लासमधली सिस्टर

माझी आत्या नर्स. वीस वर्षं तिनं हाडांच्या वॉर्डात काढली आणि पन्नाशीला टेकली तेव्हा एका वेगळ्याच नोकरीला लागली. परदेशी गेलेली माणसं तिथं आजारी पडतात, हातपाय मोडून बसतात. अशांना सांभाळून घरी आणायचं, हे तिचं काम. माणूस आडवा न्यावा लागतो म्हणून विमा कंपनी बिझनेस क्लासची दोन तिकिटं काढायची, एक पेशंटचं आणि शेजारचं आत्याचं.

समोरच्या काकू मला जिन्यात गाठून म्हणायच्या, काय नशीब काढलंय तुझ्या आत्यानं. त्यांच्या डोळ्यांसमोर आत्या मऊ पलंगावर लोळत, उंच ग्लासातून काहीतरी पीत ढगांवरून चाललेली असे. परत आली की बूट काढायच्याही आधी आत्या स्टुलावर बसून पाच मिनिटं नुसती भिंतीकडे बघत राहायची, ते काकूंनी कुठं पाहिलं होतं? पेशंटची खुर्ची पलंगासारखी सपाट होते, तशी आत्याचीही होत असे. पण अकरा वर्षांत तिनं ती एकदाही सपाट केली नाही. पेशंट आणायला जाताना ती एकटी असायची, तेव्हा तिकीट मागच्या साध्या रांगेतलं. तिथं मात्र गुडघे आखडून गाढ झोपायची.

कॉलेजच्या वर्षांत मी तिच्याकडे राहायला होते. दोन खोल्यांचं घर. नव्या विमान कंपनीतून जायचं असलं की आत्या त्यांच्या खुर्च्यांचा नकाशा मिळवायची. मधली वाट किती रुंद, खुर्चीचा हात वर उचलता येतो का, संडासाचं दार आत उघडतं की बाहेर. मग इस्त्रीचं टेबल आणि दोन खुर्च्या मांडून घरातच विमान तयार व्हायचं, आणि पेशंट मी. "तू बेशुद्ध नाहीस, तू घाबरलेली आहेस, तशी वाग," असं ती सांगायची. मला हसू फुटलं की चिडायची नाही, नुसती थांबायची. हसणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

तिनं आणलेल्या शंभरेक माणसांपैकी एक माणूस आमच्या बोलण्यात कायमचा राहिला. चौऱ्याहत्तर वर्षांचे सुतार. सगळं आयुष्य लोकांच्या दारं-खिडक्या बसवण्यात गेलेलं. समुद्रापलीकडे राहणाऱ्या मुलीकडे गेले होते. तिच्या स्वयंपाकघरातली एक फळी बोटभर कलती होती, ती त्यांना बघवेना. स्टुलावर चढले आणि खाली आले ते खुब्याचं हाड मोडूनच. ऑपरेशन झालं, सहा आठवडे गेले. इकडे घरी बायको एकटी, डोळ्यांनी अधू. ती रोज फोनवर एवढंच विचारायची, कधी येताय. आणि हे गृहस्थ विमानात पाय ठेवायला तयार नव्हते.

पुढची निम्मी हकीकत मला आत्यानं सांगितली आणि उरलेली नंतर त्यांनी स्वतः. आत्यानं गाळलेला निम्मा भाग अर्थातच तिच्या कौतुकाचा होता.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आत्या त्या मुलीच्या घरी पोचली. "कसं वाटतंय, आजोबा?" असं विचारल्यावर उत्तर आलं की माझी नातवंडं बाहेर खेळतायत, आजोबा मी त्यांचा. आत्यानं विचारलं, मग काय म्हणू? तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. अंगठ्याच्या नखावर जुना घाव, तळव्याला अजून घट्टे.

"मिस्त्री म्हणू का?" ती म्हणाली.

म्हातारा पहिल्यांदा तिच्याकडे वळला. हळूहळू खरं कारण बाहेर आलं. विमान पडेल ही भीती नव्हतीच. येताना ते खिडकीपाशी बसले होते, शेजारी दोन अनोळखी माणसं झोपलेली. त्यांना उठवायचं कसं या संकोचानं मिस्त्री अकरा तास लघवी दाबून बसले होते. धडधाकट असताना ही गत, आता मोडका माणूस तिथं काय करणार?

आत्यानं खुर्ची ओढली आणि विमानतळाच्या दारापासून सांगायला सुरुवात केली. आपली रांग वेगळी असेल. सामान आधी घेतील, तपासणीला उभं करणार नाहीत. मग एक मोठी खोली, तिथं सोफे, वर्तमानपत्रं, हवं ते खायला, पण तुम्ही फार पाणी पिऊ नका असं मी म्हणणार नाही, प्या. विमानात आपण सगळ्यांच्या आधी जाऊ, एका उचलगाडीतून, म्हणजे पायऱ्या नाहीत. आत गेल्यावर एक चाकांची अरुंद खुर्ची, ती थेट तुमच्या जागेपर्यंत येते. जागेला दोन्ही बाजूंनी आडोसा आहे. विमान वर जाताना आणि उतरताना पाठ सरळ करावी लागते, तो त्यांचा नियम. तेव्हा बुडाखाली माझी जाड उशी, म्हणजे मांडी काटकोनापेक्षा जास्त वाकणार नाही. मधला सगळा वेळ तुम्ही आडवे. कळ दाबली की खुर्चीचा पलंग होतो. एक छोटी पिशवी देतील, त्यात मोजे, दात घासायचा ब्रश, डोळ्यांवरची पट्टी. ते मोजे नका घालू, घट्ट असतात, मी सैल आणलेत. आणि लघवीचं तुम्ही माझ्यावर सोडा. तुम्हाला कुणालाही उठवायचं नाही.

मिस्त्री ऐकत होते. त्यांची मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.

"आता वाईट भाग," आत्या म्हणाली. "मध्ये विमान बदलायचंय. दुसऱ्या विमानात पलंग नाही. काही कंपन्यांचा जवळच्या प्रवासाचा बिझनेस क्लास बराचसा नावाला असतो. खुर्च्या मागच्यांसारख्याच, फक्त मधली रिकामी ठेवतात आणि पाठीमागे पडदा ओढतात. जेवण चांगलं देतील. पण अडीच तास बसावं लागेल, आणि दुखेल."

"डॉक्टर म्हणाले काही दुखणार नाही."

"डॉक्टर येणार नाहीत बरोबर."

"मग येतो," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळं तसंच झालं, जसं तिनं सांगितलं होतं त्याच क्रमानं. मिस्त्री मला सांगत होते, एकेक गोष्ट घडली की मनात खूण करत होतो, ही झाली, ही झाली. जागेवर बसल्याबरोबर त्यांनी आडोशाच्या तक्त्यावर बोटानं टकटक केलं. वरून सागवानासारखं दिसत होतं. "लाकूड नाही हे," त्यांनी आत्याला बारीक आवाजात सांगितलं, जणू कंपनीचं गुपित फोडतायत. पण खुर्चीच्या हातातून बाहेर येणाऱ्या जेवणाच्या टेबलाची बिजागरी त्यांनी चार वेळा उघडून मिटून पाहिली आणि ज्यानं केली त्याला मानलं.

तीन तासांनी ती वेळ आली. मिस्त्रींचा जबडा आवळला गेला, आणि आत्या त्यांच्या तोंडाकडे कमी आणि जबड्याकडेच जास्त बघत होती. तिनं दुसरी ब्लँकेट पसरली, पिशवीतून बाटली काढली आणि विचारलं की दाराची चौकट वाकडी बसली तर काढून पुन्हा बसवायची, की पाचर मारून भागतं? आता हा प्रश्न कुठल्याही सुताराला विचारावा आणि त्यानं गप्प राहावं, हे होणं नाही. मिस्त्री बोलत सुटले. पाचर मारणाऱ्यांना त्यांनी चांगलंच झोडलं. बोलणं संपलं तेव्हा ब्लँकेट घडी होऊन ठेवलेली होती आणि बाटली कुठंच नव्हती.

"काम कधी झालं, मला कळलंच नाही," ते मला म्हणाले. "तीस वर्षं कारागीर हाताखाली ठेवले मी. असा हात एकाचा नव्हता."

जेवण आलं. टेबलावर पांढरा कपडा, काचेचा ग्लास, चिनी मातीची बशी, मीठ-मिरीच्या बोटाएवढ्या बरण्या. मांसाचा तुकडा चांगला जाड होता. पडताना मिस्त्रींचा उजवा खांदाही दुखावलेला, त्यामुळे सुरीला जोर देता येईना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि सुरी खाली ठेवून भूक नाही म्हणाले. समोरची कर्मचारी मुलगी पुढं झाली, मी कापून देते म्हणाली. मिस्त्रींनी मान फिरवली. आत्यानं त्या मुलीला डोळ्यांनीच थांबवलं. आत्या स्वतःच्या बशीतलं मांस कापत बसली, नीट, एकसारखे तुकडे. मग म्हणाली, माझ्याकडे जास्त शिजलेलं आलंय, तुमचं जरा मऊ दिसतंय, बदलता का? बशा बदलल्या. मिस्त्री सगळं जेवले. आत्याचं जेवण नेहमीसारखं अर्धवट राहिलं.

खरी अडचण दुसऱ्या विमानात झाली. आत्यानं आठवडाभर आधी दुसऱ्या रांगेतल्या जागा मागून घेतल्या होत्या. दारात पोचल्यावर कळलं की कंपनीनं त्यांना पहिल्या रांगेत आणलंय, पेशंट आहे म्हणून, पाय पसरायला जागा जास्त म्हणून. हेतू चांगला होता. पण पहिल्या रांगेच्या खुर्च्यांचे हात पक्के असतात, टेबलं त्यांच्या पोटात घातलेली असतात. हात वर झाला नाही तर मिस्त्रींना बाजूनं सरकवून खिडकीपर्यंत नेता येणार नाही, आणि उभं करून, वाकवून नेलं तर ऑपरेशन केलेला सांधा निखळायची भीती. आत्यानं कर्मचाऱ्याला बोलावून तो हात उचलून बघायला सांगितलं. त्यानं ओढला, पुन्हा ओढला, आणि त्याच्या लक्षात आलं.

दुसऱ्या रांगेत एक सूटवाले गृहस्थ येऊन बसलेही होते. ते म्हणाले, मी दर आठवड्याला याच जागेवर बसतो, मी का उठू? मागं दारात माणसांची रांग तुंबलेली. मिस्त्री अरुंद खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेले, सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. त्यांनी डोळे मिटून घेतले. नेमकी हीच वेळ येऊ नये म्हणून ते घरातून निघत नव्हते.

आत्यानं आवाज चढवला नाही. ती त्या गृहस्थांना म्हणाली, "तुम्ही उठू नका. फक्त इकडे बघा आणि मला सांगा, मांडी न वाकवता यांना त्या खिडकीशी कसं नेऊ? तुम्हाला सुचलं तर आपण दोघं मिळून नेऊ."

गृहस्थांनी पाहिलं. पक्के हात पाहिले, मिस्त्रींचा ताठ पाय पाहिला. मग बॅग काढून पहिल्या रांगेत गेले. आत्यानं दुसऱ्या रांगेतल्या वाटेकडच्या हाताखालची लपलेली कळ बोटानं शोधली, हात वर केला, पेशंटला सरकवायची गुळगुळीत घसरपट्टी लावली आणि मिस्त्रींना तीन हालचालींत खिडकीशी पोचवलं. इतक्या वेळा ते माझ्यावर करून झालं होतं. त्या सूटवाल्या गृहस्थांनी नंतर स्वतःची उशी मागं पाठवून दिली.

दुखलं. बऱ्यापैकी दुखलं. गोळी देऊनही शेवटचा तास मिस्त्रींनी दात आवळून काढला, पाय मधल्या रिकाम्या खुर्चीवर आडवा टाकून. आत्यानं बोलायला लावलं नाही, पाऊल तेवढं हातात धरून बसली.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. तिथं नवीनच निघालं, पलंग फार बुटका होता. इतक्या खाली बसणं म्हणजे पुन्हा तीच भीती. आत्याची ड्यूटी दारापाशी संपत होती. पण ती घराखालच्या मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि लाकडाचे ठोकळे घेऊन वर आली. मिस्त्रींनी चाकाच्या खुर्चीतूनच ते नापास केले. हे मऊ लाकूड आहे, दबेल, कोपऱ्यातले काळपट आणा. ती पुन्हा खाली गेली. पलंगाचे चारही पाय ठोकळ्यांवर चढवून, हलवून बघून, त्यांच्या बायकोचा हात धरून तिला पलंगाची नवी उंची तीन वेळा चाचपायला लावून मगच ती निघाली.

तीन महिन्यांनी मिस्त्रींचा फोन आला, आज जिना उतरून वर्कशॉपमध्ये गेलो. आत्यानं अभिनंदन वगैरे काही केलं नाही. विचारलं, उतरताना कोणता पाय आधी? दुखरा. आणि चढताना? चांगला. मग ठीक, म्हणाली.

त्या रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मिस्त्री काठी घेऊन खाली दारापर्यंत आले आणि विमानातल्या बिजागरीपासून सगळी हकीकत मला सांगत बसले. आत्या संकोचून स्वयंपाकघरात निघून गेली. तिथं मिस्त्रींच्या बायकोनं तिला जवळ घेतलं. त्या दिवशीच्या घाईत काही उमगलं नव्हतं, म्हणून आता त्यांनी आत्याच्या खांद्यांवरून, दंडांवरून सावकाश हात फिरवले.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "हे इतकं सांगतात तुझ्याबद्दल, मला वाटलं होतं तू चांगली उंचपुरी असशील."