अंगणात नसलेली गाय

१७ जून २०२४, सोमवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. वणीला जाणारा ऑटो दाराशी उभा होता. बॅग आत ठेवण्यापूर्वी मी आईला फुंकायला लावले आणि आकडा वहीत लिहिला: दोनशे चाळीस.

फुंकायचे ते उपकरण म्हणजे प्लास्टिकची एक साधी नळी. तोंडात धरून जोरात फुंकले की काटा सरकतो आणि फुप्फुसांतली हवा मिनिटाला किती लिटर वेगाने बाहेर पडते ते दाखवतो. आईच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी बाईचा काटा चारशेच्या आसपास थांबायला हवा. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी ही नळी विकत आणली आणि तेव्हापासून घरी असले की रोज सकाळी आम्हा दोघींची नोंद करते.

“कायले फुंकायले लावतं वं रोज? हा काय फुगा आहे का?” आई दर वेळी विचारते आणि दर वेळी फुंकते.

आमचे घर राजूरला आहे. एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला चुन्याच्या भट्ट्या. काळी आणि पांढरी धूळ मिसळून जो राखाडी रंग होतो, तो आमच्या खिडकीचा, दोरीवरच्या कपड्यांचा आणि माठावर बांधलेल्या दुहेरी फडक्याचा रंग आहे. लहानपणी मी खिडकीच्या फळीवर बोटाने पाढे लिहीत असे. पाटीची गरज पडली नाही.

त्या सोमवारी मी दोन महिन्यांसाठी यवतमाळला निघाले होते. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत धूळ आणि श्वसन या विषयाच्या प्रकल्पासाठी तीन जागा होत्या. त्यांतली एक मला हवी होती. इतकी हवी होती की दुसऱ्या कुठल्याही नोकरीचा अर्ज मी भरला नव्हता. रसायनशास्त्राची मला भीती नव्हती. पण निवडीच्या दिवशी सकाळी इंग्रजीत निबंध होता आणि माझे सगळे शिक्षण मराठीतून विज्ञान समजून घेत, इंग्रजीतून पाठ करत झालेले. म्हणून मी यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याला एका मैत्रिणीसोबत खोली घेतली आणि शहरातल्या एका इंग्रजीच्या वर्गात नाव घातले. मैत्रीण राळेगावकडची, वनस्पतिशास्त्राची, त्याच जागांसाठी अर्ज केलेली.

वर्गाची एक पद्धत होती. सर विषय फळ्यावर लिहीत, त्याखाली तयार परिच्छेद सांगत, आणि आम्ही तो दुसऱ्या दिवशी तोंडपाठ करून यायचे. “मुलाखतवाले फिरून फिरून हेच इचारते,” असे त्यांचे म्हणणे. तिसऱ्या आठवड्यातला विषय होता: एखादे ठिकाण सोडल्यानंतरच्या भावना इंग्रजीत कशा सांगाव्यात.

सरांनी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे काळ आणि क्रियापदे. तो भाग अचूक होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उजवीकडे भावना: सॅड, लोनली, होमसिक. यादी संपली. मग परिच्छेद. आफ्टर लीव्हिंग माय व्हिलेज, आय फेल्ट व्हेरी सॅड. अंगणात कडुनिंब, त्याखाली पांढरी गाय, दारात पदराने डोळे पुसणारी आजी.

मैत्रिणीने हात वर केला. “सर, आमच्याकडे म्हैस आहे. चालते का?”

“गायच ठेव. स्पेलिंग सोपं आहे.”

वर्ग हसला. मीही हसले. ते हसू आठवले की आज मला स्वतःचा संताप येतो.

त्या संध्याकाळी मी परिच्छेद बाजूला ठेवून स्वतःची वाक्ये लिहिली. घर सोडल्यावर मला हलके वाटले, असे पहिले वाक्य. पंधरा दिवसांत माझा काटा तीनशे पन्नासवरून तीनशे पंच्याण्णववर गेला, असे दुसरे. एका व्यक्तीच्या पंधरा नोंदींवरून निष्कर्ष काढता येत नाही हे मला कळते. पण हा निष्कर्ष नव्हता, ही भावना होती, आणि तिला पुरावा होता. लोहाऱ्यालाही कारखाने आहेत. तिथल्या खिडकीवर मात्र पाढे लिहिता येत नाहीत. मला हलके वाटले म्हणून मला राग आला, असे तिसरे वाक्य. कारण आई अजून तिथेच होती.

सरांनी लाल शाईने तिन्ही वाक्ये आडवी कापली.

“व्याकरण बरोबर आहे,” ते म्हणाले. “भावना चुकली.”

“सर, मले तसंच वाटलं.”

“घर सोडल्यावर कोणाले हलकं वाटते का, पोरी? अन् तुले वाटून काय फायदा? मार्क तू देणार आहे का तपासणारा?”

चूक त्यांची होती इतकेच लिहून मला मोकळे होता येत नाही. मी हिशेब केला. सरांच्या भिंतीवर निवड झालेल्यांचे फोटो होते, माझ्याकडे तीन कापलेली वाक्ये होती. शक्यता त्यांच्या बाजूने होती. मी परिच्छेद पाठ केला.

निवडीच्या दिवशी नागपूरला सकाळी प्रश्नपत्रिकेचे पाकीट फोडले तेव्हा निबंधाचा विषय जवळजवळ तोच होता. मी वीस मिनिटांत एकही चूक न करता एक कडुनिंब, एक गाय आणि एक आजी उभी केली.

दुपारी मुलाखतीला आत गेले. मंडळात तिघे होते. मधल्या शास्त्रज्ञ बाईंनी पाच उत्तरपत्रिका पत्त्यांसारख्या ओळीने टेबलावर मांडल्या.

“यवतमाळ जिल्ह्यात पांढऱ्या गायी बऱ्याच दिसतात,” त्या म्हणाल्या. उजवीकडचे गृहस्थ मोठ्याने हसले. “आणि आजी एकच. पाचही जणांना निरोप द्यायला तीच.”

माझ्याआधी मैत्रीण आत जाऊन आली होती. ती त्यांच्याबरोबर हसली, सॉरी म्हणाली आणि तीन मिनिटांत बाहेर आली. झाडांबद्दल तिला एक प्रश्नही विचारला गेला नाही. पाने चुरगळून वासावरून झाड सांगणारी मुलगी, आणि तिला एका गायीवरून परत पाठवले! मला हसू आले नाही.

“तुमची गाय कशी आहे?” बाईंनी विचारले.

“आमच्याकडे गाय नाही, मॅडम. कडुनिंबही नाही. आजी माझ्या जन्माआधीच गेली.”

“मग हे लिहिलं कोणी?”

“मी. मुलांनी सांगायची भावना आमच्याकडे आधीच ठरलेली असते. ती नीट लिहिली तर तुम्ही हसता, वेगळी लिहिली तर आमचे सर कापतात. खरी कुठे लिहायची तेवढं सांगा.”

माझा आवाज चढला होता हे मला कळत होते. जागा गेली, हेही मी मनात नोंदवून टाकले होते. बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला.

“इथे. दहा मिनिटं.”

मी पिशवीतून वही काढली आणि ती तीन वाक्ये पुन्हा लिहिली. घाईत दोन ठिकाणी काळ चुकला, एका शब्दाचे स्पेलिंग चुकले. खाली आईचे आणि माझे आकडे तारखांसह दिले. बाईंनी कागद वाचला, मग वहीच मागितली आणि पुढची वीस मिनिटे फक्त वहीबद्दल प्रश्न विचारले: नोंद किती वाजता, कोण उभे राहून फुंकते, कोण बसून. इंग्रजीबद्दल कोणीही काही बोलले नाही.

आठवड्याने मेल आला. एक जागा मला मिळाली. सरांनी माझा फोटो मागितला आहे. भिंतीवर लावायचा आहे म्हणे. मी पाठवणार नाही. मैत्रीण राळेगावला परत गेली.

रुजू होण्यासाठी दुसऱ्यांदा घर सोडले त्या सकाळी मी आईला निबंधाची गोष्ट सांगितली.

“दारात रडत होती? कोण?”

“आजी.”

“कोणती आजी?” आई इतकी हसली की तिला खोकला आला, आणि तो थांबायला वेळ लागला. पाणी पिऊन ती म्हणाली, “मी नाही रडलो, माय. तू गेली तं मले बरं वाटलं. एक जण तं निघालं यातून.”

म्हणजे तिलाही हलके वाटले होते. आम्ही दोघी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहून तेच अनुभवत होतो, आणि फळ्यावरच्या यादीत त्याला जागा नव्हती. पण ती ‘एक जण’ म्हणाली होती. एकच का? कोणी ठरवले एकच? मी तिला माझ्याबरोबर नागपूरला चल म्हणाले. बाबांची कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावरची नोकरी आहे, घर आहे, ती म्हणाली. “तू आधी खोली तं पाह्य.” तिच्या आवाजात दुःख नव्हते. माझ्यातही नव्हते. माझ्यात राग होता, स्वच्छ आणि मोजता येण्यासारखा.

ऑटोवाल्याने हॉर्न दिला. मी नळी पुढे केली.

“आता तं जाय! उशीर होते.”

“एकदाच. उभी राहून.”

तिने तोंड पुसले, भिंतीला हात टेकला आणि सगळा जोर लावून फुंकले. मी वहीत तारीख टाकली, वेळ टाकली आणि काटा जिथे थांबला होता तो आकडा लिहिला: दोनशे दहा.