रुकय्याआपा आणि वेळेआधीची नमाज

रुकय्याआपा ड्यूटीवर आल्या की आधी फाइलला हात लावत नसत. पेशंटच्या पायथ्याशी दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहत. तो कसा उठतो, पाण्याचा ग्लास कसा धरतो, बायकोवर कसा खेकसतो, सगळं बघून घेत. "कागद कुठे पळून जातोय? आधी माणूस वाचावा," म्हणत. कतारमधल्या दोहा शहरातल्या आमच्या लिव्हर वॉर्डातल्या सर्वांत जुन्या सिस्टर त्या. मूळच्या रत्नागिरीच्या, आणि आता कायमच्या तिकडेच परतलेल्या. मी तेव्हा नाशिकहून आलेला नवा डॉक्टर, डिग्रीची गुर्मी ताजी. चारचौघांत त्या मला हिंदीत "डॉक्टरसाब" म्हणत. दोघंच असलो की मराठी, आणि सरळ अरे-तुरे. मला ते फार आवडायचं.

दोह्याजवळच्या अल वक्र्याचे हसनभाई आमच्याकडे दाखल होते. यकृत पार थकलेलं, पोटात पाणी साठून पोट घागरीसारखं फुगलेलं. औषधांनी चार दिवसांत सूज बरीच उतरली. पाचव्या सकाळी ताप नव्हता, पोट दाबलं तरी दुखत नव्हतं. मी त्यांच्या बायकोला, हमीदाभाभींना, सांगून टाकलं, "सगळं ठीक आहे. दुपारी घरी न्या." थोड्या वेळाने पुन्हा डोकावलो तर हसनभाई खुर्चीत बसून नमाज पढत होते. केवढी श्रद्धा, असं मनात म्हणत मी पाय न वाजवता मागे फिरलो.

आपांनी मला कॉरिडॉरमध्येच गाठलं.

"घरीबिरी काही नाही. पोटातलं पाणी काढून तपासायला पाठव."

"कशाला? ताप नाही, दुखत नाही."

"सकाळपासून तीच नमाज तिसऱ्यांदा पढतायत. विचारलं तर म्हणतात, जोहरची. अरे, दुपारच्या अजानला अजून तास आहे! जन्मात ज्याची वेळ चुकली नाही, तो माणूस हा."

"वय झालंय, आपा. त्यात त्यांचं रक्त पातळ, सुई टोचायची म्हणजे..."

"ताप बघूनच रोग ओळखायचा तर थर्मामीटरलाच डॉक्टर करू या की! यल्ला, चल, मी सामान मांडते."

मी धुसफुसतच गेलो. सुईतून आलेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. घाईघाईत मी अँटिबायोटिक चढवायला निघालो, तर आपांनी मनगट धरलं. "आधी नमुना बाटलीत, मग औषध. औषध गेलं की जंतू तोंड लपवतात." रिपोर्ट आला तेव्हा पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या होत्या. पोटातल्या पाण्यातच जंतुसंसर्ग झाला होता. अशा पेशंटमध्ये तो कधीकधी ताप आणि दुखणं दोन्ही चुकवून येतो आणि आधी माणसाच्या भानावर घाला घालतो. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. वॉर्डात तेच समोर आलं, तर भक्ती समजून मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला! त्या दुपारी घरी पाठवले असते तर हसनभाई जिवंत परत आले नसते.

तीन दिवसांनी ते पूर्ण भानावर आले. मी आपांकडे गेलो. "सॉरी आपा. तुमच्यामुळे वाचलो."

"मला कसली सॉरी? आणि वाचले ते हसनभाई. 'सगळं ठीक आहे' असं कुणाला म्हणाला होतास? तिला जाऊन सांग, चुकलो म्हणून."

परक्या देशातली नोकरी, एक तक्रार गेली तर खलास. दिवसभर मी त्या खोलीसमोर येरझारा घातल्या. शेवटी संध्याकाळी आत शिरलो आणि एका दमात बोलून टाकलं. हमीदाभाभींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा डॉक्टर. आपा मला त्याच दिवशी बोलल्या, डॉक्टरची चूक झालीय. म्हणाल्या, पण तक्रार घेऊन कुणाकडे जाऊ नका, तो स्वतः येऊन सांगेल. तीन दिवस तुमचीच वाट बघत होते."