साडूच्या देखत विचारलेला प्रश्न

आमचे हे गाडी शिकवतात. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसलेला माणूस. क्लासच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, आणि त्यावर पाय ठेवून त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. बायका तर यांचंच नाव सांगून येतात, कारण हे ओरडत नाहीत. ओरडायचं सगळं घरासाठी राखून ठेवतात.

पण या शांत माणसाच्या पोटात एक कायमचं दुखणं आहे. माझ्या ताईचा नवरा. साडूभाऊ विमा कंपनीत साहेब. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा आम्हाला फिरायला नेलं, तर सगळ्या रस्त्याने यांचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. घरी आल्यावर म्हणाले, वळणावर क्लच दाबतो हा. आणि मग कितीतरी दिवसांनी चवीने जेवले. मला ताईचा हेवा वाटत नाही असं नाही, पण मी तो झाकून ठेवते. यांचा तोंडावर दिसतो.

ताईचा मुलगा परदेशी गेला. पुढे आमची लेकही लग्न होऊन त्याच शहरात गेली, तेव्हा यांना वाटलं, चला, फिट्टंफाट. कुठली फिट्टंफाट! साडूभाऊ तिकडे जाऊनही आले. आल्यावर फोटो दाखवायचा कार्यक्रम. बर्फातले, पुलावरचे, आणि एक आमच्याच लेकीच्या स्वयंपाकघरातला, हातात तिचा कप. तो फोटो यांना फार झोंबला. माझ्या लेकीच्या घरी हा माझ्याआधी चहा पिऊन आला, हे पालुपद मी पुढे कितीतरी दिवस ऐकलं.

मग लेकीला दिवस गेले. तिने फोनवर बजावलं की आईने यावं, पण बाबांना घेऊनच. बाळ आधी बाबांच्या हातात द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. यांनी पाठ फिरवून बराच वेळ चष्मा पुसला. त्या दिवसापासून शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला, ती विचारो न विचारो, ही बातमी कळत होती.

व्हिसाचा अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता आणि ते आम्हाला जमण्यातलं नव्हतं. भरायला साडूभाऊच आले. ताई आणि तेही मुलाकडे त्याच सुमारास निघणार होते. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग तो प्रश्न आला.

"कधी दंड झालाय का, विचारलंय," साडूभाऊ म्हणाले. "वाहतुकीचेसुद्धा लिहायचेत. मी माझे लिहिले होते. पार्किंगचा एक, वेगाचा एक. काही होत नाही."

आता क्लासची रीत अशी, की शिकणाऱ्याने सिग्नल तोडला की दंड शेजारच्या मास्तरांच्या नावावर पडतो. मालक तो भरतो आणि मास्तर विसरून जातात. पाय शिकणाऱ्याचा, तर चूकही त्याचीच, असा त्यांचा हिशेब. यांच्या नावावर असे दंड भरपूर असणार, हे मलाही ठाऊक होतं. पण साडूभाऊंच्या तोंडून "वेगाचा" ऐकलं आणि यांचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. पहिल्यांदाच हा माणूस कुठेतरी खाली सापडला होता.

"माझ्या नावावर एकही नाही," हे म्हणाले. "नाही लिहा."

मी डोळे वटारले. पण बायकोकडे बघायची ती वेळ नव्हती. साडूभाऊंनी एकदा विचारलं, शिकणाऱ्यांचेही नाहीत का? ते त्यांचे, हे म्हणाले, आणि विषय संपला. मला विचाराल तर ते उत्तर निम्मं क्लासचं होतं आणि निम्मं साडूचं.

एवढ्यावर थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. नोकरीचा पुरावा म्हणून साडूभाऊंनी आपल्या कचेरीचं साधं पत्र जोडलं होतं. यांना त्याहून भारी काहीतरी हवं होतं. वाहतूक खात्यात खेटे घालून शिक्षक म्हणून सगळ्या वर्षांचा दाखला काढला, चांगला जाडजूड, शिक्क्याचा. पहिल्या पानावर अनुभव होता. त्याच्यावर हे इतके खूश की पुढचं पान उलटलंच नाही. पुढे सगळे दंड ओळीने छापलेले होते.

माझा व्हिसा आला. यांचा नाकारला. कारण साडूभाऊंनीच वाचून दाखवलं. दंड किरकोळ होते, त्यांच्याबद्दल तक्रारच नव्हती. विचारल्यावर लपवले, ही तक्रार होती, आणि आता पुढची काही वर्षं यांना तिकडचं दार बंद. लिहिले असते तर कुणी विचारलंही नसतं, असं साडूभाऊ हळू आवाजात म्हणाले. यांना तेच जास्त लागलं. टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं.

विमानतळावर आम्हाला यांनीच सोडलं. साडूभाऊंना शेजारी बसू दिलं नाही, मागे बॅगांबरोबर बसवलं.

नात झाली तेव्हा मी आत लेकीजवळ होते आणि जावई औषधं आणायला खाली गेले होते. नर्सने बाळ गुंडाळून बाहेर, ताई आणि साडूभाऊ थांबले होते तिकडे नेलं आणि आजोबा समजून सरळ साडूभाऊंच्या हातात दिलं. त्यांचे डोळे भरून आले. मी मागोमाग बाहेर आले, तर नात मात्र शांत, त्यांच्याकडे टुकूटुकू बघत होती. ते बघून माझ्या जिवाची नुसती आग झाली. माणूस एवढा चांगला, की रागावायचीही सोय नाही. ताईने फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

यांचा फोन आला. लेक कशी आहे, विचारलं. बाळाचं वजन विचारलं. मग ग्रुपवरचा फोटो बघितल्याचं म्हणाले.

"त्याच्या हातात गेल्यावर रडली का गं?"

"रडली," मी म्हणाले. "केवढ्यांदा. शेवटी काढून घ्यावी लागली."

पलीकडे हे अगदी सुटल्यासारखे हसले, आणि हसता हसताच रडायला लागले.