बोटं बघणाऱ्या बाई

आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाई नव्या लेकराच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या बोटांकडे बघत. नाव विचारायच्या आधी त्याचा हात मांडीवर घेत आणि एकेक बोट हलकेच दाबून पाहत. दारात उभ्या आया हसत. एकीने विचारलं होतं, "काय बाई, भविष्य बघायलाव का?" बाई म्हणाल्या, "न्हाई, नखं बघायलेय. तुझ्या लेकराच्या नखात सगळ्या गल्लीची माती हाय. म्हंजे लेकरू खेळतंय. मला तेवढं कळलं तरी बस."

बाई उंच, हडकुळ्या. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माची बारीक रेघ. मानवत गावातल्या अंगणवाडीच्या त्या एका खोलीत त्यांनी एकोणतीस वर्षं काढली. माझी त्यांची ओळख झाली ती वजनामुळे. मी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. कापसाची भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, फरक लिहायचा, हे माझं काम. मुलीला, आरूला, अंगणवाडीत घातलं त्या महिन्यात मी बाईंचा लेकरं तोलायचा काटा तपासला. तो दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. मी तसं सांगितल्यावर बाईंनी वही काढली, आणि त्या महिन्याची सगळी वजनं माझ्यासमोर दुरुस्त केली. वर म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. पण भाऊ, घरी जाऊन लेकराला रोज तोलीत बसू नका."

मी तेच करत होतो, फक्त काट्याशिवाय.

आरू तेव्हा चार वर्षांची होती आणि चित्र काढत नव्हती. परभणीला माझ्या मेहुण्याचा मुलगा तिच्याच वयाचा. त्याने काढलेले सूर्य, घरं, मोटारी रोज मोबाईलवर येत. आरूसमोर कागद ठेवला की ती कागदाची घडी घालायची किंवा खडू डबीत ओळीने लावून झाकण बंद करायची. मी रोज संध्याकाळी वीस मिनिटं तिच्या शेजारी बसायला लागलो. एका वहीत तारीख, मिनिटं आणि काय काढलं ते लिहायचो. एकेचाळीस संध्याकाळी मिळून अकरा रेघा आणि दोन गोल झाले होते. त्यातला एक गोल तिचा हात धरून मीच काढला होता. मोबाईलवर शोधलं तर नको नको ते वाचायला मिळालं. पोरगी मागे तर पडत नाही ना, हा एकच विचार काट्यावर बसल्या बसल्याही डोक्यात असायचा. एकदा मी भरल्या गाडीचं वजन रिकाम्या गाडीच्या रकान्यात लिहिलं. अठरा वर्षांत अशी चूक पहिल्यांदा झाली. बायको म्हणायची, "ती बोलती, पळती, शेजारच्या पोरींशी भांडती. अजून काय पाहिजे तुमाला?" तरी माझी काळजी जायची नाही.

शेवटी वही घेऊन बाईंकडे गेलो. दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वही वाचली. मग विचारलं, "कोणत्या हातानं?"

"म्हणजे?"

"रेघ वढली ती कोणत्या हातानं? हे कुठं लिवलं न्हाई तुमी."

तसा रकाना वहीत नव्हता. मी म्हणालो, "उजव्याच. ती डावा पुढे करते, पण मी खडू काढून उजव्या हातात देतो. जेवतानाही तसंच वळण लावलंय."

बाईंनी चष्मा काढला आणि वही मिटली. मला वाटलं, रागावल्या. पण त्या म्हणाल्या, "मी बी तेच केलं, भाऊ. पयली धा वर्षं. डावरं लेकरू दिसलं की खडू ह्या हातातून त्या हातात. जेवायचा हात एक, म्हणून सगळ्यालाच तो हात, असं वाटायचं. मायबाप बी खूश व्हायचे. एक पोरगी व्हती. खडू बघितला की हात पाठीमागं लपवायची. म्होरं शाळेत गेली अन् चौथीत शाळा सोडली. माझ्यामुळं सोडली का, ते मला सांगता येत न्हाई. पण लेकरांची बोटं बघायलेय ती तवापासून. कोणता हात आपणहून म्होरं येतो, ते बघते."

त्या दिवसापासून आम्ही आरूचा डावा हात अडवणं सोडलं. मला वाटलं, आता चित्रं सुरू होतील. महिना गेला. रेघा जराशा सरळ आल्या, पण वाढल्या नाहीत. ती अंगणवाडीत रंगवलेले चिंचोके रंगाप्रमाणे वेगळे करायची, सतरंजी झटकायची, आज कोण आलं नाही ते बाईंना सांगायची. कागदाकडे मात्र फिरकायची नाही. मी तक्रार केली तर बाई म्हणाल्या, "तिचा हात तिला वापस दिला, एवढंच झालं. लगेच चित्र कामून मागताव? न काढणारे बी मोठे व्हतात."

मग तपासणी आली. प्रत्येक मुलाचं एक चित्र फाईलला लावायचं होतं. असं असलं की अंगणवाडीच्या बाया रिकाम्या पानांवर स्वतःच आंबे, छत्र्या काढतात आणि खाली मुलांची नावं टाकतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आरूचं पान कोरं होतं. मी आदल्या दिवशी जाऊन म्हणालो, "बाई, तुम्हीच एक आंबा काढून टाका ना. उगीच कागदावर शेरा नको तिच्या."

बाईंनी खडू माझ्याच हातात दिला. "काढा. तुमाला लय हौस हाय."

मी मांडी घालून बसलो आणि आंबा काढला. लेकरं भोवती जमली. एक म्हणालं, "वांगं हाय." दुसरं म्हणालं, "न्हाई, उंदीर." आरू जवळच उभी होती. बाईंनी माझा कागद घेतला, खाली माझं नाव लिहिलं आणि भिंतीवर चिकटवला. फाईलला आरूचं कोरं पान लागलं, तिच्या नावासकट. तपासणीला आलेल्या मॅडमनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "हे तिचंच पान हाय, मॅडम. तिनं ह्यात खोटं काहीच काढलं न्हाई."

शेरा आलाच. तो बाईंच्या नावावर आला. त्याबद्दल त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. देवगाव फाट्याच्या पलीकडे त्यांच्या भावाचं गाव, तिकडे राहायला निघाल्या. पिशव्या घेऊन मी बसस्टँडवर सोडायला गेलो. आरूचं नाव पहिलीत घालायचं होतं. बस लागली, बाई चढायला लागल्या तेव्हा मी पुन्हा विचारलं, "बाई, एकदा शेवटचं सांगा. ती ठीक आहे ना?"

बाई पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या. "भाऊ, तुमी मला इचारलं, मोबाईलला इचारलं, मेहुण्याला इचारलं. तिला इचारलं का कधी?"

कंडक्टरने घंटी मारली. बाई आत जाऊन खिडकीशी बसल्या. निरोपाचं काही बोलायचं राहूनच गेलं.

घरी आलो तर आरू मधल्या खोलीत बसली होती. माझ्या सवयीप्रमाणे मी वही घेऊन तिच्याजवळ बसलो. कागद, खडूची डबी पुढे केली. मग बाईंचं बोलणं आठवून विचारलं, "आरू, तुला चित्र काढू वाटत नाही का?"

तिने आधी माझ्याकडे, मग वहीकडे पाहिलं.

"तुमी बघत बसता, पप्पा."

मी वही उचलली आणि बाहेर ओसरीवर येऊन बसलो. जाताना दार लोटून घेतलं. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आतून डबीचा आवाज आला, मग तोही थांबला. आत ती काय करत होती, मला माहीत नाही. दार उघडून बघावं असं दहा वेळा तरी वाटलं. मी बसून राहिलो.